मराठीचं सामान पेनड्राइव्हवर नको, पॅकेजात हवं

विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ठाण्यात आणि नवी मुंबईत शाळांच्या संगणक कक्षांत, वाचनालयांत, सोसायट्यांच्या कार्यालयांत, कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या टेबलांवर धडधाकट यंत्रं पडून आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ त्यांच्यावर रीतसर चढत नाही. ती भंगारात काढण्यापेक्षा त्यांच्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घालणं शहाणपणाचं, यावर आता फारसा वाद होत नाही. वाद व्हायला हवा तो पुढच्या पायरीवर: त्या लिनक्सवर मराठी कुणी आणायची, आणि कोणत्या वाटेनं?

सध्याची सर्रास वाट अशी. डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्सचं वितरण (तयार संच) इंग्रजीत बसवायचं, मग पेनड्राइव्हवरची एक स्क्रिप्ट (हुकुमांची फाइल) चालवायची. ती चार फॉन्ट कॉपी करते, लिबरऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये एक एक्स्टेन्शन (जोडभाग) घुसवते, फायरफॉक्सचा भाषा-पॅक चालू खात्याच्या प्रोफाइलमध्ये टाकते. पुरवठादार 'मराठी चालते' असं दाखवतो, चलनावर सही होते. सहा महिन्यांनी अपडेट येतं, एखादा कारकून बदलून जातो, नव्या माणसाचं नवं खातं उघडतं, आणि मराठी अर्धी गायब झालेली असते. तेव्हा दोष लिनक्सवर येतो. खरा दोष असा की मराठीचं सामान कोणत्या प्रोग्रॅमला जोडलेलं आहे, हे पॅकेज व्यवस्थेला, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे (पॅकेजं) बसवणाऱ्या-काढणाऱ्या यंत्रणेला, कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या संगणकांवर मराठीचा प्रत्येक पूरक भाग वितरणाच्या पॅकेजातूनच यावा, आणि तो केव्हा यावा याची अट त्या पॅकेजातच लिहिलेली असावी. तंत्रज्ञाच्या आठवणीवर ती सोडू नये.

मराठी म्हणून आपण जे बसवतो ते एकच एक सॉफ्टवेअर नसतं. एमआर-आयएन हे लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग; एमआर म्हणजे मराठी), देवनागरी फॉन्ट, आयबस-एम१७एन या टायपिंगच्या साधनातला इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कळफलक, लिबरऑफिसचा मराठी पडदा (मराठीतले मेनू), शुद्धलेखनाचा कोश, फायरफॉक्सचा भाषा-पॅक, स्कॅन केलेलं वाचायला टेसरॅक्टचा मराठी डेटा. यातला एकही भाग एकटा उपयोगाचा नाही. प्रत्येकाला एक यजमान, म्हणजे ज्याला तो जोडायचा तो प्रोग्रॅम, लागतो, आणि यजमान आधी येईल की पूरक भाग आधी, याची खात्री नसते.

हे भाग एकमेकांत किती गुंतलेले आहेत ते 'ल' आणि 'श' या दोन अक्षरांवरून कळतं. मराठीत त्यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. चांगल्या ओपनटाइप फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण तेव्हाच उमटतं जेव्हा प्रोग्रॅम फॉन्टला सांगतो की हा मजकूर मराठी आहे. लिबरऑफिसमध्ये देवनागरी मजकुराची भाषा 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या सेटिंगमधून ठरते. तिथे हिंदी राहिली, तर फॉन्ट बरोबर असूनही अक्षरं हिंदी वळणाची येतात, आणि हिंदी कोश बसलेला असेल तर जवळजवळ प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल रेघ उमटते. कोश वेगळ्या पॅकेजात, फॉन्ट वेगळ्या, सेटिंग तिसरीकडे. स्क्रिप्ट लिहिणारा यातलं एक हमखास विसरतो, कारण त्याच्या स्वतःच्या खात्यात ते आधीच लावलेलं असतं.

आता नात्यांकडे येऊ. डेबियनच्या पॅकेजात चार पायऱ्यांची नाती लिहिता येतात: डिपेंड्स म्हणजे याशिवाय चालणारच नाही, रेकमेंड्स म्हणजे नेहमीच्या वापराला हवंच, सजेस्ट्स म्हणजे असलं तर बरं, आणि एन्हान्सेस म्हणजे मी त्या दुसऱ्याला पूरक आहे. शेवटचं नातं उलट्या दिशेचं आहे, ते यजमानात लिहायचं नसून पूरक पॅकेजात लिहायचं असतं. २००९ च्या डेबियन ५ पासून ॲप्ट हे तिथलं पॅकेजं बसवणारं साधन रेकमेंड्समधली पॅकेजं आपोआप बसवतं. एन्हान्सेसवरून मात्र ते काहीच बसवत नाही. पूरक पॅकेज स्वतःची ओळख देतं, यजमान हजर असतो, आणि तरीही दोघांची गाठ घालून दिली जात नाही.

मग गाठ कशी घालायची? लिबरऑफिसनेच सगळ्या भाषांची शिफारस करावी, तर मराठीसाठी आलेल्या माणसाच्या डिस्कवर जगातल्या डझनावारी भाषा उतरतील. 'मराठी' नावाच्या एका मेटापॅकेजने (स्वतःत काही नसलेल्या, फक्त दुसरी पॅकेजं ओढणाऱ्या पॅकेजाने) सगळ्या प्रोग्रॅमांचे मराठी भाग ओढून आणावेत, तर ज्याला लिबरऑफिस नकोच आहे त्याच्याकडेही त्याचे भाग येतील, कारण मराठी पडद्याचं पॅकेज मूळ पॅकेजावर अवलंबून असतं. दोन्ही वाटा चुकतात, कारण अट एका गोष्टीवर नसून दोन गोष्टींवर आहे: हा प्रोग्रॅम यंत्रावर आहे आणि या यंत्राला मराठी हवी आहे. दोन्ही खरं असेल तेव्हाच पूरक भाग यावा.

हे वाक्य आरपीएमच्या, म्हणजे फेडोरा आणि ओपनसुसे या वितरणांच्या पॅकेज पद्धतीच्या, जगात जसंच्या तसं लिहिता येतं. आरपीएम ४.१२ मध्ये २०१४ साली सौम्य (सक्ती नसलेली) नाती आली आणि ४.१३ मध्ये 'आणि', 'किंवा' लावून अटी लिहायची सोय झाली. फेडोराच्या हनस्पेल-एमआर या पॅकेजात (हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा मराठी कोश) सप्लिमेंट्स या नात्यापुढे कंसात लिहिलेलं असतं: हनस्पेल आणि लँगपॅक्स-एमआर. अर्थ असा की ही दोन्ही पॅकेजं बसत असतील तर मलाही घ्या. प्रशासकाने लँगपॅक्स-एमआर एकदा बसवलं की यंत्राने मराठी मागितल्याची नोंद झाली. नंतर वर्षभराने कुणी नवा प्रोग्रॅम आणला, तर त्याचा मराठी भाग त्याच फेरीत येतो. हुकूम एकच, आणि तोही एकदाच.

ओपनसुसेची रचना मला याहूनही नेटकी वाटते. तिथे भाषा ही पॅकेज सोडवणाऱ्या यंत्रणेलाच ठाऊक असते. लिबरऑफिसच्या मराठी भागात 'लोकेल, लिबरऑफिस, एमआर' अशी नोंद असते, झिपर या तिथल्या पॅकेज साधनाला मराठी लोकेल मागितल्याचं सांगितलं की ती यंत्रणा बसलेल्या प्रोग्रॅमांशी जोड्या जुळवते. मध्ये मेटापॅकेजही लागत नाही.

उबुंटूने तिसरी वाट धरली. तिथे लँग्वेज-सिलेक्टर या पॅकेजात एक साधी मजकूर फाइल आहे. तिच्यातल्या ओळीत कोणता प्रकार, कोणती भाषा, कोणतं यजमान पॅकेज आणि त्यासाठी कोणतं पूरक पॅकेज, हे अपूर्णविरामांनी तोडून लिहिलेलं असतं. चेक-लँग्वेज-सपोर्ट हा हुकूम एमआर देऊन चालवला की यंत्रावर काय कमी आहे त्याची यादी मिळते, ती सरळ ॲप्टला देता येते. काम होतं, आणि उबुंटू वापरणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराने निदान एवढं तरी करावं. पण ही फाइल पॅकेजांच्या बाहेर आहे. नवा प्रोग्रॅम आला की तिच्यात कुणीतरी ओळ घालायला हवी, आणि हुकूम पुन्हा चालवायला हवा. शिवाय मराठीसारख्या भाषेसाठी अशी ओळ घालणारी माणसं इंग्रजी-जर्मनच्या तुलनेत थोडीच असतात.

डेबियनमध्ये तर निवड इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावरच होते. तिथे मराठी निवडली तर टास्कसेल हे साधन मराठीचं टास्क (पॅकेजांचा संच) विचारात घेतं. आपल्याकडे बहुतेक जण 'इंग्लिश, इंडिया' निवडून पुढे जातात. पुढे लोकेलच्या यादीत मराठीवर खूण केली तर लोकेल तयार होतं, पण त्यामागून एकही पॅकेज येत नाही. त्यात भर म्हणजे सर्व्हरसाठी लिहिलेल्या सूचना वाचून डेस्कटॉपवरही रेकमेंड्स बंद करून ठेवायची सवय. कंटेनर (सर्व्हरवरची प्रोग्रॅमची बंद पेटी) हलका राहावा म्हणून तो सल्ला योग्य आहे, शाळेच्या संगणकावर तो घातक आहे. शिफारशींवाटे येणारे फॉन्ट आणि भाषा-भाग मुकाट गळतात, आणि कोणताही एरर दिसत नाही.

पॅकेज कसं बनवलंय यालाही तेवढंच महत्त्व आहे. पॅकेजाच्या पोटात स्क्रिप्ट कोंबली, तर पेनड्राइव्हचाच कारभार डेब फाइलमधून (डेबियनच्या पॅकेजातून) आला. लिबरऑफिसचं एक्स्टेन्शन सामायिक ठिकाणी नोंदवायला अनोपीकेजी नावाचं साधन आहे. त्याच्याच मदत-मजकुरात बजावलेलं आहे की सामायिक नोंद करताना ऑफिसची एकही प्रक्रिया चालू नको. दुपारी बारा वाजता कार्यालयात आपोआप अपडेट चालू झालं आणि तीन जण लिबरऑफिसचा रायटर उघडून बसले असतील, तर ही अट कोण पाळणार? रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकारात चालताना हे साधन स्वतःचं प्रोफाइल उघडू पाहतं. रूटचा अधिकार देणाऱ्या सुडो या हुकुमाने होम फोल्डर वापरकर्त्याचंच ठेवलं असेल तर वापरकर्त्याच्या फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली पडतात, आणि पुढे त्या माणसाचं लिबरऑफिस सेटिंग जतन करत नाही. काढताना तिसरी अडचण: यजमान आधीच गेलेला असेल तर काढण्याच्या स्क्रिप्टला अनोपीकेजी सापडत नाही, स्क्रिप्ट नापास होते आणि पॅकेज ना धड बसलेलं ना धड निघालेलं, असं अडकून राहतं.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. एक्स्टेन्शन उलगडून लिबरऑफिसच्या 'बंडल्ड' विस्तारांच्या फोल्डरात नुसतं ठेवायचं. सुरू होताना प्रोग्रॅम ते स्वतः वाचतो. बसवणं म्हणजे फाइल ठेवणं, काढणं म्हणजे फाइल उचलणं. स्क्रिप्ट नाही, म्हणून नापास व्हायलाही काही नाही.

जिथे काहीतरी चालवावंच लागतं तिथे डीपीकेजीचे (डेबियनच्या मूळ पॅकेज साधनाचे) ट्रिगर आहेत. फॉन्टकॉन्फिग पॅकेज जाहीर करतं की यूएसआर-शेअर-फॉन्ट्स या फोल्डरात काही बदललं तर मला कळवा. मग पाच फॉन्ट पॅकेजं एकदम आली तरी फॉन्टांची यादी पाचदा बनत नाही, शेवटी एकदाच बनते. पडद्यावर 'प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर फॉन्टकॉन्फिग' ही ओळ येते ती यामुळेच. फॉन्ट पॅकेज बनवणाऱ्याला एकही ओळ लिहावी लागत नाही. जबाबदारी यजमानाकडे आहे, कारण आपली यादी कशी बनवायची हे यजमानालाच नीट माहीत. आरपीएममध्येही ४.१३ पासून फाइल-ट्रिगर आहेत.

ट्रिगरांचा एक तोटा मात्र काम करणाऱ्याने लक्षात ठेवावा. पूरक पॅकेजातली बिघडलेली फाइल यजमानाचा ट्रिगर पाडते, आणि एरर यजमानाच्या नावावर येतो. घाईत तंत्रज्ञ यजमानच काढून पुन्हा बसवतो. खरं तर लॉगमध्ये त्याच फेरीत आधी काय उलगडलं गेलं ते पाहावं, दोषी तिथे असतो. आणि पावसाळ्यात वीज मध्येच गेली तर आधी डीपीकेजी 'कॉन्फिगर' आणि 'ए' हे पर्याय देऊन चालवावं. राहिलेले ट्रिगर त्यातच पूर्ण होतात, नव्याने इन्स्टॉल करायची गरज नसते.

आता विरोधी बाजू, कारण तिच्यात दम आहे. ॲड-ऑन थेट निर्मात्याच्या दुकानातून घेतलं तर सुधारणा दुसऱ्या दिवशी मिळते, वितरणाचं पॅकेज महिनोन्‌महिने मागे राहू शकतं. वितरणं चुकतातही. नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीचे विस्तार बंद केले. पुढच्या वर्षी तोच बदल ईएसआर ६० या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीमधून डेबियनच्या स्थिर आवृत्तीत उतरला, तेव्हा तिथली जुनी विस्तार-पॅकेजं मोठ्या संख्येने निरुपयोगी ठरली. यजमान सुरक्षेसाठी पुढे न्यावा लागला आणि पूरक पॅकेजं जागीच राहिली. हा समन्वयाचा फसलेला प्रयोग होता, तो नाकारून चालणार नाही.

पण दुकानाची वाटही निर्धोक नाही. ४ मे २०१९ ला ॲड-ऑनच्या डिजिटल सह्या तपासण्यासाठी लागणारं, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं एक मधलं प्रमाणपत्र मुदतबाह्य झालं आणि जगभरच्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन एका फटक्यात बंद पडली. डेबियन आपल्या फायरफॉक्समध्ये प्रणालीच्या फोल्डरातून आलेल्या विस्तारांना ती सही सक्तीची करत नाही, त्यामुळे पॅकेजातून आलेल्यांना हा फटका बसायचं कारण नव्हतं. मला इथे महत्त्वाचा वाटतो तो दुरुस्तीचा हक्क: पॅकेजात बिघाड झाला तर ठाण्यातलाही जाणकार ते उघडून, दुरुस्त करून स्थानिक भांडारात (पॅकेजांच्या साठ्यात) ठेवू शकतो. दुकानात बिघाड झाला तर वाट पाहण्याशिवाय हातात काही नसतं.

वेगाचा मुद्दा कार्यालयासाठी मला गैरलागू वाटतो. जाहिरात रोखणाऱ्या विस्ताराची यादी रोज बदलते, मान्य. शुद्धलेखनाचा कोश आणि मराठी पडदा रोज बदलत नाहीत. तिथे गरज आहे ती यजमान आणि भाषा-भाग एकाच वेळी पुढे सरकण्याची. डेबियनमध्ये फायरफॉक्स ईएसआरचा मराठी भाग मूळ आवृत्तीला बांधलेला असतो, सुरक्षा अपडेट आलं की दोन्ही एकत्र येतात.

दुसरा आक्षेप असा की यामुळे माणसाच्या इच्छेविरुद्ध सामान लादलं जाईल. फेडोराच्या डीएनएफ या पॅकेज साधनाने याचं उत्तर दिलेलं आहे. यंत्रावर आधीच असलेल्या पॅकेजाची एखादी शिफारस पूर्ण झालेली नसेल, तर डीएनएफ ती मुद्दाम गाळलेली आहे असं धरतं आणि पुढच्या अपडेटमध्ये ती पुन्हा आणत नाही. काढणाऱ्याच्या शब्दाला मान राहतो. याची दुसरी बाजूही आहे: काही कारणाने एकदा राहून गेलेला भागही मग आपोआप येत नाही, तो नाव देऊन बसवावा लागतो.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक या, प्रत्येक ॲप स्वतंत्र पेटीत देणाऱ्या पद्धतींनी प्रश्न सुटला असं काही जण मानतात. फ्लॅटपॅकमध्ये विस्तारांच्या जागा आधीच आखलेल्या असतात आणि भाषांच्या सेटिंगमध्ये एमआर घातलं की त्या त्या ॲपचा मराठी भाग येतो, एवढं चांगलं आहे. पण प्रत्येक ॲप आपापल्या पेटीत असल्यामुळे प्रणालीवरचा एकच कोश सगळ्यांना वापरता येईल याची खात्री उरत नाही. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स मुळात स्नॅप म्हणून येतो, त्यामुळे डेबमधून विस्तार बसवायची जुनी पद्धत तिथे गृहीत धरू नये.

आता ठाणे-नवी मुंबईने काय करावं. सगळ्या यंत्रांवर एकच साचा असेल, आणि शाळा-कार्यालयांत तो असतोच, तर डेबियनवरही काम आजच भागतं. इक्विव्हज या साधनाने एक मेटापॅकेज बनवावं. त्यात लिबरऑफिसचा मराठी भाग, फायरफॉक्स ईएसआरचा मराठी भाग, लोहित देवनागरी फॉन्ट, आयबस-एम१७एन आणि टेसरॅक्टचा मराठी डेटा डिपेंड्समध्ये लिहावा. रेकमेंड्समध्ये नको, कारण ती कुणीतरी बंद केलेली असतील. रेप्रेप्रो या साधनाने सही केलेलं स्थानिक भांडार उभारावं. एका यंत्रावर डाउनलोड साठवून ठेवणारं ॲप्ट-कॅशर-एनजी चालवावं, ते ३१४२ या पोर्टवर ऐकतं, आणि तीस यंत्रांसाठी तेच पॅकेज एकदाच डाउनलोड होतं. नवा भाग हवा झाला की मेटापॅकेजात एक ओळ वाढवून आवृत्ती पुढे न्यायची.

इथे दोन जागी पाय घसरतो. आपोआप अपडेट करणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स मुळात फक्त डेबियनची भांडारं मानतं, आपल्या भांडाराचं नाव त्याच्या यादीत घातलं नाही तर ते गुपचूप वगळलं जातं. आणि हाताने अपडेट करणाऱ्याने जुना ॲप्ट-गेटचा अपग्रेड वापरला, तर तो नवं पॅकेज बसवतच नाही. नवी ओळ असलेलं मेटापॅकेज मग रोखून धरलं जातं. ॲप्टचा अपग्रेड वापरावा.

निविदेत 'मराठी सुविधा असावी' एवढं लिहून काहीच मिळत नाही. स्वीकृतीची चाचणी लिहावी. तंत्रज्ञाचं खातं सोडून नवं खातं उघडायचं. रायटरमध्ये 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'लोकशाही' टाइप करून पीडीएफ काढायची आणि अर्धा र, मराठी ल, मराठी श तपासायचे. 'परिक्षा' लिहिल्यावर लाल रेघ यायला हवी, 'परीक्षा' लिहिल्यावर जायला हवी. मग भांडारातून सगळं अपडेट करून, यंत्र बंद-चालू करून हेच पुन्हा करायचं. शेवटी प्रत्येक मराठी फाइल कोणत्या पॅकेजाची आहे हे डीपीकेजीला विचारायचं, ज्या फाइलचा मालक सापडत नाही ती पेनड्राइव्हवरून आली असं धरून काम परत करायचं. ही सगळी चाचणी तासाभरात होते आणि ती करायला अभियंता लागत नाही.

केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण २०१५ चं आहे. त्याच्या आधारे सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणून खर्च शून्य दाखवण्याचा मोह होतो. वाचलेल्या परवान्याच्या पैशातला काही भाग पॅकेज बनवणाऱ्याला रीतसर मिळायला हवा. अशी माणसं इथे नाहीत असं कुणी म्हणू नये. ऐरोली, रबाळे, महापे इथल्या डेटा सेंटरांत आणि आयटी कंपन्यांत रोज सर्व्हरसाठी पॅकेजं बांधणारे, भांडारं सांभाळणारे कितीतरी मराठी अभियंते आहेत, खारघर स्टेशनजवळ सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचं कार्यालय आहे. सर्व्हरवर हाताने फाइल कॉपी केलेली जे खपवून घेत नाहीत, त्यांनी आपल्या मुलांच्या शाळेतल्या संगणकावर ती का खपवून घ्यावी?

करारात आणखी एक अट हवी: पुरवठादाराने बनवलेलं किंवा दुरुस्त केलेलं प्रत्येक मराठी पॅकेज डेबियन, फेडोरा किंवा मूळ प्रकल्पाकडे पाठवायचं, आणि पाठवल्याचा पुरावा शेवटच्या हप्त्याच्या बिलाला जोडायचा. डेबियनची स्थिर आवृत्ती तीन वर्षं आणि त्यापुढे एलटीएसची (दीर्घ पाठिंब्याची) दोन, अशी पाच वर्षं चालते. कराराची मुदतही तेवढीच ठेवावी, म्हणजे पुढच्या आवृत्तीवर मराठी नेण्याचं काम त्याच पुरवठादाराच्या अंगावर राहील.